जीन्स फाटते एकाच जागी, मग अख्खी का टाकायची? जुन्या जीन्सचं काय काय होऊ शकतं, समजून घ्या

कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक तरी जीन्स असतेच. कुणाची मांडीला घासून विरलेली, कुणाची फर्स्ट इयरला घेतलेली, तर कुणाची ‘पाच किलो कमी झाले की परत होईल’ या आशेवर ठेवलेली. ती घालता येत नाही आणि टाकवतही नाही.

मग एक दिवस मोबाईलवर रील येतं. तीस सेकंदांत जीन्सची झकास बॅग तयार. आपण ते सेव्ह करतो, दोघा-तिघांना पाठवतो आणि जीन्स जिथे होती तिथेच राहते.

आता यात थोडा आळस आहेच. पण दुसरंही एक कारण आहे. रीलमध्ये सुरुवात वस्तूपासून होते, म्हणजे ‘चला, बॅग बनवूया.’ आपल्या हातातली जीन्स मात्र रीलमधल्या जीन्ससारखी नसते. ती ताणली जाणारी असते, गुडघ्यावर विरलेली असते आणि घरच्या शिलाई मशीनवर घेतली तर पहिल्याच जाड शिवणीवर सुई मोडते.

म्हणून आज आपण उलट्या बाजूने जाऊ. आधी जीन्सचं कापड समजून घेऊ, ती कुठे संपते आणि कुठे शिल्लक राहते ते बघू आणि मग कोणत्या तुकड्याचं काय करायचं ते ठरवू.

जीन्सचा जन्मच मुळी फाटक्या खिशातून झालाय

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रेनो नावाचं शहर आहे. तिथे जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. १८७० च्या सुमारास एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. तिची मागणी साधी होती, नवऱ्यासाठी न फाटणारी पँट शिवून द्या.

डेव्हिसने डोकं चालवलं. कष्टाची कामं करणाऱ्यांची पँट सगळीकडून फाटत नाही. ती खिशाच्या कोपऱ्यावर आणि शिवणीच्या टोकाला फाटते, कारण सगळा ताण तिथे येतो. त्याने नेमक्या त्या जागांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. पँट टिकली आणि गिऱ्हाईकं वाढली. पेटंट घ्यायला मात्र त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्याने आपल्या कापड व्यापाऱ्याला पत्र लिहिलं. हा व्यापारी सॅन फ्रान्सिस्कोचा, नाव लेव्ही स्ट्रॉस. २० मे १८७३ रोजी त्यांना पेटंट मिळालं. आज आपण जिला जीन्स म्हणतो तिची सुरुवात इथून धरली जाते.

या गोष्टीत आपल्या कामाचा मुद्दा एकच आहे. जीन्स कमजोर जागी संपते, कापड म्हणून ती बराच काळ जिवंत असते. दीडशे वर्षांपूर्वी डेव्हिसने जे ओळखलं, तेच जुनी जीन्स हातात घेताना आपल्याला ओळखायचंय.

जाता जाता आणखी एक गंमत. डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आलं आणि जीन्स हे इटलीतल्या जिनोआवरून आलं असं मानतात. पण याच कुळातला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीशी जोडला जातो. डोंगरीच्या बाजारात मिळणारं जाडंभरडं सुती कापड जहाजांवरून बाहेर गेलं आणि नावही सोबत घेऊन गेलं.

हे कापड इतकं दणकट का असतं?

साध्या सुती कापडात एक धागा वर, एक खाली अशी वीण असते. डेनिममध्ये आडवा धागा दोन किंवा तीन उभ्या धाग्यांखालून जातो आणि दर ओळीला एक घर पुढे सरकतो. त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा दिसतात. या विणीत धागे दाट बसतात, म्हणून कापड जाड आणि घट्ट होतं.

उभे धागे निळीत म्हणजे इंडिगोत रंगवलेले असतात आणि आडवे पांढरेच ठेवतात. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकी दिसते. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या थरावरच बसतो. कापड घासलं की तो थर जातो आणि आतला पांढरा धागा दिसू लागतो.

म्हणजे फिकी पडलेली जीन्स कुजलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा फक्त रंग गेलेला असतो. खरी परीक्षा उजेडाची. जीन्स खिडकीसमोर धरा. जिथून उजेड आरपार येतो तिथलं कापड संपलं. जिथून येत नाही ते अजून कामाचं आहे.

हे करून पाहिलं की एक नकाशाच दिसतो. मांड्यांच्या आतली बाजू, गुडघे, मागून जमिनीला घासणारी खालची कड आणि मोबाईल ठेवून ठेवून विरलेला खिसा, एवढ्या जागा गेलेल्या असतात. पोटऱ्यांचा भाग, मागचे खिसे, कंबरपट्टी आणि बाजूच्या जाड शिवणी जवळपास नव्यासारख्या असतात.

एका जीन्समागे किती पाणी जातं?

लेव्हीज कंपनीने आपल्या ५०१ या जीन्सचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशोब केला आणि २०१५ मध्ये तो मांडला. त्यानुसार कापूस पिकवण्यापासून ते घरी धुण्यापर्यंत एका जीन्समागे सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागतं. त्यातलं ६८ टक्के एकट्या कापसाच्या शेतीत जातं आणि २३ टक्के आपण ती घरी धुतो त्यात. प्रत्येक जीन्सला हा आकडा जशास तसा लागू होणार नाही, पण अंदाज येतो.

महाराष्ट्रात हा विषय लांबचा नाही. विदर्भात कापूस पिकतो, यवतमाळमध्ये डेनिमचा कारखाना आहे आणि उल्हासनगर तर जीन्ससाठीच ओळखलं जातं. याच उल्हासनगरात जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं रंगीत सांडपाणी वालधुनी नदीत जात असल्याची तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि जीन्स वॉशच्या कारखान्यांवर कारवाई झाली. कारवाईत मालकांचं नुकसान झालं आणि तिथे काम करणाऱ्या मजुरांचा रोजगारही गेला.

जीन्सला जो ‘जुना लुक’ असतो त्याचीही किंमत कुणीतरी मोजलेली असते. कापडावर जोरात वाळू मारून ते फिकं करायची एक पद्धत होती. त्या धुळीने तुर्कस्तानातल्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला. त्यातले बरेच तरुण होते. २००९ मध्ये तुर्कस्तानने या पद्धतीवर बंदी घातली.

एवढं सगळं होऊन जी जीन्स आपल्या कपाटात आली, ती दोन ठिकाणी विरली म्हणून अख्खी फेकायची, हा व्यवहार तोट्याचा आहे.

कात्री लावायच्या आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न, ही जीन्स अजून घालता येईल का? कारण जीन्सची जीन्सच राहिली तर त्याहून चांगला पुनर्वापर दुसरा नाही. मांडीच्या आत कापड नुसतं विरलं असेल, अजून भोक पडलं नसेल, तर हीच दुरुस्तीची योग्य वेळ. आतून जुन्या जीन्सचं ठिगळ ठेवायचं आणि वरून जवळजवळ शिलाई मारायची. ठिगळ विरलेल्या जागेपेक्षा चारही बाजूंनी किमान एक इंच मोठं हवं. नाहीतर शिलाई विरलेल्या कापडावरच बसते आणि आठवड्यात ठिगळाच्या कडेने जीन्स फाटते.

हे काम ऑल्टरवाला सहज करतो. आपल्याकडच्या टेलरना जीन्स नवीन नाही. १९९५ मध्ये अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाने न शिवलेली जीन्स बाजारात आणली होती. कापड, चेन, रिव्हेट असं सगळं एका पाकिटात मिळायचं आणि ते आपल्या टेलरकडून शिवून घ्यायचं. अक्षय कुमारची ती जाहिरात घरातल्या मोठ्यांना विचारा, लगेच आठवेल.

ठिगळ दिसलं तर लाज वाटायचीही गरज नाही. जपानमध्ये गरीब शेतकरी फाटक्या कपड्यांवर ठिगळावर ठिगळ लावून साध्या धावदोऱ्याने शिवत. ‘बोरो’ आणि ‘साशिको’ या नावांनी ते काम आज जगभर कौतुकाने दाखवलं जातं. आपल्या गोधडीचा टाकाही तोच, धावदोरा. फरक इतकाच की आपण तिला कधी फॅशन म्हटलं नाही.

दुसरा प्रश्न, जीन्स स्ट्रेच आहे का? आतलं लेबल वाचा. शंभर टक्के कॉटन लिहिलं असेल तर उत्तम. ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलॅस्टेन असं काही असेल तर ती ताणली जाणारी. लेबल गेलं असेल तर कापड आडवं ओढून सोडा. रबरासारखं परत जागेवर आलं तर स्ट्रेच.

हा फरक महत्त्वाचा का? कारण स्ट्रेच कापडाची पिशवी वजनाने खाली लोंबते, शिवताना कापड मशीनखाली सरकतं आणि तयार वस्तू वेडीवाकडी होते. शिवाय इलॅस्टेन उष्णतेने वितळतं. म्हणून गरम भांडं धरायचं फडकं स्ट्रेच जीन्सचं करू नका.

मशीनवर बसण्याआधी

जीन्स धुऊन पूर्ण वाळवून घ्या. रंग जातो का ते बघायला पांढरं ओलं फडकं तिच्यावर घासा. फडकं निळं झालं तर ती जीन्स फिक्या कापडाला जोडू नका, आणखी दोन-तीनदा वेगळी धुवा.

घरच्या मशीनला १६ नंबरची सुई लावा. साध्या कापडाची सुई इथे टिकत नाही. टाका नेहमीपेक्षा लांब ठेवा. दोन शिवणी एकावर एक येतात तिथे सुई मोडते, म्हणून ती जागा आधी हातोडीने ठोकून चपटी करा आणि तेवढे चार टाके मोटर किंवा पायाने न चालवता हाताने चाक फिरवून घाला. शक्य असेल तिथे जाड शिवणी टाळा. त्यांना अगदी लागून कापलं की सपाट कापड मिळतं आणि शिवणीची पट्टी वेगळी निघते. ती फेकू नका, पुढे कामाला येणार आहे.

पायांची बाजाराची पिशवी

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरी भाजीवाल्याकडे आपण ‘पिशवी आहे का?’ विचारतोच. त्याला हा उपाय.

जीन्सचा एक पाय अर्ध्या मांडीपासून खालपर्यंत कापून घ्या. एका बाजूच्या शिवणीला लागून कापून तो उघडा केला की लांब पट्टा मिळतो, मधोमध दुसऱ्या बाजूची शिवण. हा पट्टा २४ इंच लांब ठेवा आणि त्याच्या सगळ्यात अरुंद भागाच्या मापाने दोन्ही कडा सरळ करा. साध्या फिटिंगच्या जीन्समध्ये साधारण १४ इंच रुंदी मिळते. आता पट्टा आडवा मधोमध दुमडा. तळाला घडी आली, म्हणजे तिथे शिवणच नको आणि पिशवी तळातून उसवायचा प्रश्न मिटला. दोन्ही बाजू दोनदा शिवा आणि वरची कड आत दुमडून शिवून टाका.

बंद कशाचे? कंबरपट्टीचे. तिचे दोन समान तुकडे केले की १६-१७ इंचांचे दोन तयार बंद मिळतात. ते पिशवीच्या तोंडाशी आतून लावा आणि चौकोन करून त्यात फुलीची शिलाई मारा. सगळं वजन तिथेच येणार आहे. डेव्हिसचा रिव्हेट आठवा, हे त्याचंच काम.

गुडघा विरलेला असेल तर त्याच जीन्सचा मागचा खिसा उसवून त्या जागेवर शिवा. भोक झाकलं जातं आणि सुट्टे पैसे ठेवायला जागा होते.

मागच्या खिशांचं काय?

खिसा हा जीन्समधला सगळ्यात तयार भाग आहे, त्याला नवीन काही शिवावं लागत नाही. फक्त तो उसवू नका. मागच्या कापडासकट चौकोनी कापून घ्या. घरातल्या चार-पाच जीन्सचे असे खिसे एका जाड कापडावर ओळीने शिवले की दाराच्या मागे टांगायची खिसेपट्टी तयार होते. किल्ल्या, चार्जर, कंगवा, लाईटबिल, औषधाची पट्टी, घरात जे हमखास हरवतं ते सगळं तिथे.

अशीच पट्टी पलंगाच्या कडेला गादीखाली अडकवता येते. आजी-आजोबांचा चष्मा, बॅटरी आणि गोळ्या रात्री हाताशी राहतात. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या वस्तूंपेक्षा याचा उपयोग जास्त.

बसकर आणि गोधडी

गोधडी करायचं अनेकांच्या डोक्यात असतं, पण आधी गणित बघा. एका जीन्सच्या चांगल्या भागातून सहा इंची दहा-बारा चौकोन निघतात. शिवणीत चारही बाजूंनी अर्धा इंच गेला की पाच इंचाचा चौकोन उरतो.

बसायला २० इंची चौकोनी बसकर हवं असेल तर असे १६ चौकोन लागतात. म्हणजे दोन जीन्समध्ये काम होतं. खाली जुन्या चादरीचं अस्तर, मध्ये जुना टॉवेल, झालं.

पाच बाय सव्वासहा फुटांची गोधडी करायची तर १८० चौकोन लागतात. म्हणजे पंधरा ते अठरा जीन्स! एका घरात एवढ्या जुन्या जीन्स सहसा नसतात. शिवाय नुसत्या डेनिमचंच वजन दीड-दोन किलो होतं आणि भिजल्यावर ते पिळणं सोपं नाही. म्हणून मधला भाग डेनिमचा करा, कडेने जुन्या सुती साडीचे पट्टे लावा, खाली साडीचंच अस्तर घ्या आणि मध्ये काही भरू नका. पंघरायला हलकी होते आणि जीन्सही पाच-सहाच लागतात.

गावाकडे वाकळ, गोधडी शिवणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्याकडे डेनिम नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. डेनिममधून हाताने सुई काढणं साडीच्या थरांपेक्षा कितीतरी जड जातं, बोटं सोलून निघतात. चौकोन आधी मशीनवर जोडून न्या, हाताचे टाके लांब घालायला सांगा आणि मजुरी साध्या गोधडीपेक्षा जास्त द्या.

शेतात, बागेत आणि स्वयंपाकघरात

हा उपयोग रीलमध्ये फारसा दिसत नाही, पण तो सगळ्यात खणखणीत आहे. जीन्सचे पाय गुडघ्याखालून कापा. वरच्या तोंडाला नेफा करून त्यात इलॅस्टिक घाला. झाली हातांवर चढवायची बाही. ऊस तोडताना पात्याने हात कापतात, बोर-लिंबाची छाटणी करताना काटे लागतात. तिथे डेनिमची ही बाही जुन्या शर्टापेक्षा नक्कीच बरी. मात्र तिला साप किंवा यंत्रापासूनचं संरक्षण समजू नका. फिरत्या यंत्राजवळ तर असलं सैल काहीच घालायचं नाही.

गरम भांडं धरायला शुद्ध कॉटनच्या जीन्सचे तीन थर एकत्र शिवा, मधला थर जुन्या टॉवेलचा ठेवा. शिवायला सुती दोरा वापरा. फडकं ओलं असताना वापरू नका, कारण ओल्या कापडातून चटका लगेच लागतो.

बाजूच्या शिवणींच्या ज्या पट्ट्या काढून ठेवल्या, त्या म्हणजे फुकटची दोरी. वेल चढवायला, टोमॅटोची रोपं काठीला बांधायला, रद्दीचा गठ्ठा आवळायला चालतात.

आणि सगळ्यात शेवटी ज्या चिंध्या उरतात, त्यांच्या इंचभर रुंदीच्या पट्ट्या काढा. तीन पट्ट्यांची वेणी घाला, वेणी गोल गुंडाळत जा आणि बाजूने टाके घाला. पायपुसणं तयार. याहून लहान चिंध्या असतील तर बारीक कापून लोडात भरा.

काय करू नये?

जीन्समध्ये माती भरून झाड लावलेले फोटो भारी दिसतात. पण सुती कापड कायम ओलं राहिलं की बुरशी धरतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग माती जमिनीवर.

खतासाठी कंपोस्टमध्ये टाकायचं म्हणाल, तर रिव्हेट, चेन, पॉलिस्टरचा दोरा आणि इलॅस्टेन यातलं काहीच कुजत नाही.

आणि घरात आधीच सात पिशव्या असतील तर आठवी शिवू नका. जुन्या जीन्सपासून केलेल्या वस्तूमुळे एखादी नवी खरेदी टळली, तरच त्या मेहनतीचा उपयोग. नाहीतर कपाटातला पसारा फक्त दुसऱ्या कप्प्यात गेला.

शिवायला वेळच नाही, मग?

आपल्याकडे यासाठी शतकभर जुनी सोय होती, बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं. काही शहरांत त्या अजूनही दिसतात. त्यांच्याकडे गेलेला कपडा निवडला जातो, दुरुस्त होतो आणि जुन्या बाजारात विकला जातो. हा पुनर्वापराचाच धंदा, त्याला फक्त कुणी इंग्रजी नाव दिलं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी एका चमच्यासाठी चार जीन्सवर घासाघीस करताना तिच्या पायपिटीचाही हिशोब धरा.

दान करायचं असेल तर घालण्यासारखी जीन्स धुऊन द्या. चेन तुटलेली असेल तर बसवून द्या. ‘गूंज’सारखी संस्था जुन्या कपड्यांची निवड करून ते गावांपर्यंत पोहोचवते आणि न वापरता येणाऱ्या कापडाच्याही उपयोगी वस्तू करते. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण अशा संस्थांकडे मळके, कुजके कपडे पाठवणं म्हणजे आपला कचरा निवडायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणं.

राहिला कारखान्यातला पुनर्वापर. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं, पण आजचं पानिपत जुन्या कपड्यांपासून पुन्हा धागा बनवण्यासाठी ओळखलं जातं. अमेरिकेत २००६ पासून जुनी जीन्स गोळा करून तिच्या तंतूंपासून घरांच्या भिंतीत घालायचे उष्णतारोधक थर बनवायचा उपक्रम सुरू आहे.

या सगळ्यात अडचण एकच येते. कापड यंत्राने पिंजलं की कापसाचे तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचा धागा कमजोर असतो, म्हणून त्यात नवा कापूस मिसळावाच लागतो. इलॅस्टेन असेल तर ते कापसापासून वेगळं करणं आणखी अवघड. त्यामुळे ‘जुनी जीन्स द्या, आम्ही रिसायकल करू’ ही पाटी दिसली तरी जुन्या जीन्सची परत तशीच नवी जीन्स होते असं समजू नका. कापड आहे त्या रूपात जितकं जास्त वापरलं जाईल तितकं बरं.

‘जुन्या कापडाची पिशवी, आणि ४०० रुपये?’

प्रदर्शनात बचत गटाच्या स्टॉलवर डेनिमची बॅग उचलून हे वाक्य आपण कधी ना कधी ऐकलेलं असतं. काहींनी म्हटलेलंही असतं.

आता वरची सगळी कामं परत आठवा. जीन्स धुवा, उजेडात तपासा, उसवा, शिवणी बाजूला काढा, विरलेलं कापड टाळून तुकडे कापा. नव्या कापडाचा तागा असला की एकावर एक थर ठेवून एकाच वेळी वीस पिशव्या कापता येतात. जुन्या जीन्समध्ये प्रत्येक तुकडा वेगळा, प्रत्येक वेळी वेगळा विचार. कापड फुकट मिळालं तरी त्यावर गेलेले तास फुकट नसतात. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि घरच्या शिवणकामाला किंमत न देण्याची आपली सवय जुनी आहे. म्हणून ती बॅग महाग वाटली तर घेऊ नका, पण ‘जुन्या कापडाची’ म्हणून भाव पाडू नका.

सुरुवात कुठून करायची?

एकच जीन्स घ्या. लेबल वाचा, उजेडासमोर धरा आणि खडूने विरलेल्या जागांवर फुल्या मारा. मग घरात एक चक्कर मारा आणि या महिन्यात आपण कापडाची कोणती वस्तू विकत घेणार होतो ते बघा. पायपुसणं, पिशवी, बसकर, जे काही असेल ते. ती वस्तू फुल्या नसलेल्या भागातून निघते का, एवढंच तपासायचंय. निघत असेल तर कात्री घ्या. आणि फुली एकच निघाली, तर कात्री राहू द्या, जीन्स ऑल्टरवाल्याकडे न्या.